हार्डनरच्या डब्यावरचा शब्द

६ जानेवारी, सोमवार

शंतनु आला होता. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पण वाढला जास्त माझ्याकडे. काम असलं की तो 'मावशी' हा शब्द जरा लांबवतो. आज फारच लांबवला.

दोन वर्षांपूर्वी त्याने राजरत्न नावाच्या मित्राबरोबर लाकडाच्या पॉलिशचा धंदा सुरू केला. पॉलियुरेथेन. डबे दोन असतात: एकात बेस, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही कालवून स्प्रेने मारले की लाकडावर काचेसारखा थर बसतो. कारखाना भिवंडीच्या पलीकडे, ऑफिस लालबागला एका गाळ्यात. आता त्याला हार्डनरच्या डब्यावरचं लेबल आणि बरोबरचं पत्रक मराठीतून हवं आहे. सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाचा मुहूर्त साधून, दादरला हॉल घेऊन पॉलिशवाल्यांचा मेळावा भरवणार आहे.

"मराठीतून पत्रक देणारे आपण पहिले, मावशी!"

मी म्हटलं, अरे, माझं मराठी कॉन्व्हेंटचं. व्हरांड्यात मराठी बोलताना सापडलं तर सिस्टर गळ्यात पाटी अडकवायच्या.

"म्हणून तर तुझं मराठी नीट आहे. तू ते घरी चोरून शिकलीस."

असं बोलल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. उभं आयुष्य मी एका रंगाच्या कंपनीत टेक्निकल मॅनेजरची टायपिस्ट होते. 'हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट' मी आजही डोळे मिटून, एक अक्षर न चुकता टाइप करीन. ते काय असतं हे मात्र कधी कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. साहेबांना विचारणं बरं दिसत नसे.

मोबदला म्हणून पपांचं जेवणाचं टेबल नव्या पॉलिशने चकाचक करून मिळणार आहे. बर्मा टीक. त्याच्या एका कोपऱ्यावर मी कंपासच्या टोकाने माझं नाव कोरलं होतं, इंग्रजीत.

८ जानेवारी, बुधवार

राजरत्न रसायन समजावून द्यायला आला. एम.एस्सी. झालेला, वरळीला बीडीडी चाळीत वाढलेला. किती शुद्ध मराठी बोलतो! मी कौतुकाने तसं म्हटलंही. तो म्हणाला, "आमचे आजोबा संध्याकाळी चाळीत आम्हा पोरांकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायचे, मॅडम. वाचताना कुणाचा शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून." फार छान आठवण. त्याला ती सांगताना काही विशेष आनंद झालेला दिसला नाही. चहाही अर्धाच प्याला.

शिकवतो मात्र सुरेख. हार्डनरच्या रेणूला टोकाला हात असतात, एनसीओ नावाचे. ते सारखे काहीतरी धरायला बघतात. बेसमधले ओएच सापडले की त्यांचा हात धरतात, जाळं विणलं जातं आणि थर कडक होतो. पण पाणी दिसलं तर पाण्यालाही धरतात, मग गॅस सुटतो, थरात बुडबुडे येतात, डबा फुगतो. म्हणून झाकण घट्ट. स्वस्त हार्डनरच्या रेणूत कडी असते, अ‍ॅरोमॅटिक. ती उन्हाने पिवळी पडते. यांचा अ‍ॅलिफॅटिक, म्हणजे मी टाइप करायचे तेच हेक्झामिथिलीन: कडी नाही, सरळ साखळी. कितीही ऊन लागो, पिवळा पडत नाही.

"आमच्या नन्ससारखा," मी म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

सुटा रेणू हलका, लगेच उडतो, म्हणून तीन-तीन एकत्र बांधून जड करतात. त्याला ट्रायमर म्हणतात. मला आमची सहल आठवली. राणीच्या बागेत मदर सुपिरियर तीन-तीन मुलींच्या मनगटांना एक रिबन बांधायच्या, मग कुणी पळत नसे. मी हे सांगितलं तर राजरत्न म्हणाला, "बरोबर, मॅडम. पण स्प्रे मारला की धुकं होतं. धुक्यात तिघीही तरंगतात. ते श्वासाबरोबर आत गेलं तर..."

"थांब, थांब," मी म्हटलं, "ट्रायमरला 'त्रयी' कसं वाटतं?"

छान शब्द मिळाला. तो काय सांगत होता ते मात्र राहून गेलं. पुढच्या खेपेला विचारायला हवं.

११ जानेवारी, शनिवार

मंगळवारपासून गुणाजी टेबल घासत होता. आज स्प्रे मारला. हा शंतनुचा ठरलेला पॉलिशवाला, लालबागचा. वडील गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. चाळिशी उलटलेला, बोलका. माझं कोरलेलं नाव त्याने घासून काढलं नाही. "ऱ्हांदे, काकी," म्हणाला, "टेबलाक पण कोणीतरी हाक मारूक होयी."

समोरची इमारत पाडून टॉवर चाललाय, त्याची धूळ सारखी आत येते. ओल्या थरावर बसली तर खरखरीत होणार. म्हणून मीच सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या आणि दाराच्या फटीत जुना टॉवेल कोंबला. एवढी काळजी मी पपांची घेतली असती तर!

राजरत्नने दिलेला मास्क गुणाजीच्या गळ्यात माळेसारखा असतो. "काकी, मास्क लावला की वास कळत नाय. वासावरसून मी सांगतंय, जमला काय नाय ता." राजरत्न म्हणतो वास येतो तो थिनरचा, हार्डनरला तसा वासच नसतो. पण कारागिराचं नाक ते कारागिराचं नाक. थिनरने माझं डोकं दुखतं, म्हणून मी आतल्या खोलीत दार लावून बसले.

संध्याकाळी तो खोकत होता. थंडी पडली आहे. ज्येष्ठमधाची कांडी दिली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गुणाजी बायकोला, अक्षताला, घेऊन तिळगूळ द्यायला आला. रविवार आणि काल भोगीची सुट्टी, दोन्ही दिवस घरी होता तर एकदाही खोकला नाही म्हणे. म्हणजे लालबागची हवा आमच्या गिरगावपेक्षा बरी म्हणायची! चौपाटीचा दमटपणा त्याला बाधत असावा.

अक्षता म्हणाली, "काकी, यांचं नेहमीचंच आहे. गणपतीत दहा दिवस घरी, खोकला गायब. कामावर गेले की हजर. मी म्हणते, हा आळशी माणसाचा खोकला!"

"तुझ्या हातचा जेवण जेवून येतो तो," गुणाजी म्हणाला, आणि आम्ही तिघं हसलो.

मग त्याने तिळगुळाचा लाडू तोंडात टाकून सांगितलं, गिरणीत कापसाची धूळ खाल्ल्यावर वडील रोज गुळाचा खडा खायचे. गूळ धूळ खाली नेतो. म्हणून तोही डब्यात गूळ ठेवतो.

"वडील आहेत ना अजून?"

"नाय, काकी. मी नववीत असतानाच गेले. छातीनेच. पण गूळ शेवटपर्यंत खाल्लो त्यांनी."

माझ्याकडचा सेंद्रिय गूळ होता, तो मी अक्षताबरोबर दिला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज एका शब्दावर अख्खी दुपार गेली. अशा दुपारी मला फार आवडतात.

पत्रकातला सुरक्षिततेचा भाग. इंग्रजीत म्हटलं आहे की फवारणीमुळे 'रेस्पिरेटरी सेन्सिटायझेशन' होऊ शकतं. राजरत्नने कच्चं मराठी करून आणलं होतं: 'याने दमा होतो. एकदा झाला की जात नाही.'

मी म्हटलं, "अरे, हे पत्रक आहे की धमकी? आणि 'दमा' काय! बाजारात भाजीवाल्या बोलतात तसं."

"भाजीवाल्यांना कळतं, मॅडम."

"इंग्रजीत कुठे अस्थमा म्हटलंय?"

"खाली, बारीक अक्षरात म्हटलंय."

पण शब्द म्हणजे शब्द. कोश उघडला. सेन्सिटायझेशन: संवेदनशील होणे. मग वाक्य आपसूकच उतरलं: 'फवारणीच्या सान्निध्याने श्वसनमार्ग संवेदनशील होण्याची शक्यता असते.' मोठ्याने म्हणून पाहिलं. कानाला किती गोड लागतं. 'सान्निध्याने' वर तर मी स्वतःवरच खूश झाले.

राजरत्न म्हणाला, "वाचणाऱ्याला 'संवेदनशील' म्हणजे काय वाटेल?"

"जे आहे तेच वाटेल."

त्याने शंतनुला फोन लावला. शंतनु पलीकडून ओरडलाच, "मावशी, क्लास! कायद्यातही बसतं आणि कुणी घाबरतही नाही!"

राजरत्नने फोन खिशात ठेवला. "तुम्ही मोठ्या आहात, मॅडम," एवढंच म्हणाला. पटलं असावं.

१८ जानेवारी, शनिवार

टेबलाला शेवटचा हात आज मारला. त्याआधी मी गुणाजीला ते वाक्य वाचून दाखवलं. सामान्य माणसाला कळायला हवं ना. त्याने दोनदा म्हणायला लावलं.

"भारी आसा ह्या, काकी. श्वास संवेदनशील होतो. आमचे मास्तर म्हणायचे, कलाकार माणूस संवेदनशील असतो. पॉलिशवालोय कलाकारच ना?"

मी म्हटलं, कलाकार नाही तर काय! त्याला अर्थ थेट भिडला याचं मला समाधान वाटलं. राजरत्नला उगाच शंका.

हसता हसता त्याला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. भिंतीला हात टेकून उभा राहिला. पाणी दिलं. टेबल मात्र असं झालंय की पपा परत आले तर हात ठेवायला कचरतील.

३ फेब्रुवारी, सोमवार

पत्रक छापायला गेलं. मध्यंतरी लिहिण्यासारखं काही नव्हतं.

गुणाजी करी रोडच्या एका टॉवरमध्ये काम करतोय. सगळे दरवाजे, कपाटं, एक देवघर. फोनवर त्याचा आवाज बसलेला वाटला. शिट्टी वाजावी तसा मध्येच बारीक सूर येत होता. मी म्हटलं, इतक्या उंचावरचा वारा बाधला असेल. तर म्हणाला, वारा कसला, काचा उघडतच नाहीत. मग एसी बाधला असणार. सुंठ घे म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षताचा फोन आला, रडत. गुणाजीला परळच्या इस्पितळात नेलं होतं. शंतनु गावाला, राजरत्न कारखान्यावर. मीच टॅक्सी करून गेले.

नाकाला नळी, छाती भात्यासारखी वरखाली. ओठ निळसर. मला बघून त्याने हात उचलून नमस्कार करायचा प्रयत्न केला, तेव्हा मला भिंतीकडे तोंड फिरवावं लागलं.

डॉक्टर पोरगेलाच होता. अक्षताला विचारत होता, काय काम करतात. ती म्हणाली, पॉलिश. "कसलं पॉलिश? बुटांचं?" लाकडाचं. "त्यात काय असतं?" ती म्हणाली, केमिकल. डॉक्टरने 'केमिकल' लिहून घेतलं आणि पान उलटणार होता.

मी म्हटलं, "हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेट. त्याचा ट्रायमर. स्प्रेने मारतात."

त्याने मान वर केली. "स्पेलिंग सांगता?"

मी सांगितलं. शाळेत स्पेलिंगच्या स्पर्धेला उभी राहायचे तशी, ताठ, अक्षरागणिक थांबत. तो लिहीत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. मग त्याने अक्षताला विचारलं, सुट्टीच्या दिवशी बरं असतं का? कामावर गेलं की वाढतं का? संध्याकाळी जास्त? बंद खोलीत मारतात का?

सगळ्याला अक्षता हो म्हणत गेली. मी हो म्हणाले नाही, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. कारण या दैनंदिनीत ते मीच लिहिलेलं आहे, सुंठ आणि ज्येष्ठमधासकट.

"हा दमा आहे," डॉक्टर म्हणाला. "या पदार्थाचा. आता शरीराने त्याला ओळखलंय. पुढच्या वेळी अगदी थोडासा पुरेल. यांनी या कामाला पुन्हा जायचं नाही. मास्क लावूनही नाही. कळलं का, आजी?"

कळलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गुणाजीला उद्या-परवा सोडतील.

लालबागला गाळ्यावर गेले. पत्रकांचे गठ्ठे छताला लागलेत. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात माझं नाव: मराठी अनुवाद, श्रीमती नलिनी. मी शंतनुला सांगितलं, हे सगळं रद्दीत घाल.

"छापून झालंय, मावशी."

"मी लिहिलेलं चुकलंय."

"चुकलेलं नाही! कोशात आहे, कायद्यात आहे. मला सांग, डब्यावर 'दमा' लिहिलं तर डबा कोण उचलेल? बाकीचे कुणीच लिहीत नाहीत."

"म्हणून तर तू लिहायचंस."

"गुणाजीचं मी बघतोय ना? इस्पितळाचं सगळं मी बघतोय." आणि ते खरंच होतं. मुलगा वाईट नाही. लहानपणी मेलेली चिमणीही बागेत पुरून यायचा. "पण धंदा असा चालत नाही गं."

राजरत्न इतका वेळ खिडकीशी उभा होता. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शंतनुला म्हणाला, "हार्डनर मी बनवतो. लेबल पुन्हा छापायचं. नसेल छापायचं तर दुसरा केमिस्ट बघ."

"तू पण? यार, तू तरी..."

"मी पहिल्यापासून."

मग शंतनुने छापखान्याला फोन केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय लिहायचं ते बोल." मी राजरत्नकडे बघितलं. त्याने सांगितलं, मी उतरवून घेतलं: 'याचा फवारा छातीत गेला तर दमा होतो. एकदा झाला की हे काम कायमचं सुटतं.' मी त्यात काना-मात्रा बदलला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दादरचा मेळावा थाटात झाला. रांगोळी, समई, फेटे. पाहुण्यांनी मराठी ही ज्ञानभाषा व्हायला हवी यावर बराच वेळ भाषण केलं, आणि 'कम्युनिकेशन गॅप' हा शब्द फार वेळा वापरला. पुढच्या रांगेत गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. आता खोकला नाही. मला बघून हात हलवत होता.

मग मी पत्रक वाचलं. दम्याचं वाक्य आलं तेव्हा मी जरा सावकाश वाचलं. हॉल एकदम शांत झाला. मला बरं वाटलं, म्हटलं, पोचलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, मग ज्याच्या डब्यावर असं लिहिलेलं नाय, तो कुठे मिळतो ते पण सांगा की!"

हॉल हसून हसून कोसळला. मीही हसले. मुंबईच्या माणसाची विनोदबुद्धी खरंच दांडगी. शंतनु तेवढा हसला नाही. नंतर बटाटेवडे आणि पिशवीतून टी-शर्ट.

८ मार्च, शनिवार

शंतनु 'मावशी' आता फार आखूड म्हणतो. दुकानदार म्हणतात, तो दम्यावाला नको. डबे परत येताहेत.

गुणाजीला राजरत्नने गोदामात ठेवून घेतलं होतं, बसून करायचं काम. तो चार दिवसांत परत घरी. अक्षता म्हणते, कुणाशी बोलत नाही, घरातल्या स्टुलावरूनच हात फिरवत बसतो.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी गुणाजीचा फोन आला. किती दिवसांनी तो पहिल्यांदा खुलून बोलला.

"काकी, काम गावला! माटुंग्याक. अख्खो फ्लॅट. उद्यापासून स्प्रे."

म्हटलं, गुणाजी, अरे, डॉक्टरांनी काय सांगितलंय?

"नाय, नाय, तुमी घाबरू नका. शंतनुशेटचो माल नाय ह्यो. दुसऱ्या कंपनीचो. मी डबो सगळो वाचलंय, काकी, पुढसून, मागसून. तुमच्या पत्रकानं वाचूची सवय लागली ना! त्याच्यार दमा लिहिलेलोच नाय."

मी सगळं सांगून पाहिलं. माल तोच, रेणू तोच, फक्त वाक्य नाही. त्याने ऐकून घेतलं, मोठ्यांचं ऐकतात तसं. मग म्हणाला, "तसा असता तर त्यांनी लिहिला नसता? तुमी लिहिलात ना."

मी पत्ता मागितला. काम बघायला येते म्हटलं. त्याला फार आनंद झाला.

१२ मार्च, बुधवार

माटुंग्याचा फ्लॅट रिकामा. काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, जमिनीवर प्लास्टिक, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. दोन्ही डबे उघडून गुणाजीने माल कालवला होता आणि स्प्रे-गनमध्ये भरत होता. मास्क होता. गळ्यात.

मी समजावलं. अक्षताचं नाव काढलं. रागावले. शेवटी हात जोडले. "काकी, असा नका करू," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "पण मी दुसरा काय करू? माका ह्याच येता."

जिने चढून पाय भरून आले होते, म्हणून तिथल्या पालथ्या ड्रमवर बसले. बस, एवढंच. त्यामागे काही योजना वगैरे नव्हती.

तो गन हातात घेऊन थांबला. मी उठायची वाट बघत.

"काकी, बाहेर बसा जरा. मारतंय आता."

"मार की."

"तुमी आत असताना कसा मारू? तुमच्या छातीत जाईल!"

बोलून गेल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने गन खाली केली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली केली.

"उठा ना, काकी."

"नाही उठत."

कालवलेला माल थोडेच तास चालतो. मग तो भांड्यातच घट्ट होतो आणि फेकून द्यावा लागतो. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर मीच ते लिहिलं आहे. तेव्हा मला फक्त बसून राहायचं होतं. एनसीओने आपले ओएच शोधून त्यांचे हात धरेपर्यंत.

दुपारी ठेकेदार आला. ही बाई कोण? गुणाजी म्हणाला, "माझी काकी. हट्टी आसा." ठेकेदार आधी मला मॅडम म्हणाला, मग आजी, मग काय म्हणाला ते लिहीत नाही. उद्या दुसरा पॉलिशवाला आणीन म्हणाला. आण म्हटलं. तोही मी आत असताना मारणार नाही, बघ.

संध्याकाळी शंतनुचा फोन. कुणीतरी त्याला कळवलं होतं. "मावशी, मुंबईत फ्लॅट किती आहेत, काही कल्पना आहे तुला?"

मी म्हटलं, नाही रे. मी एकातच बसले आहे.

मग शंतनु म्हणाला, उद्या मी तिथे सोडायला येऊ का तुला, मावशी? 'मावशी' पूर्वीसारखं लांबवून.

निघायच्या आधीच भांड्यातला माल मुरंब्यासारखा झाला होता. गुणाजीने काडी रोवून पाहिली, ती उभीच राहिली. शेवटी काचेवरचा एक वर्तमानपत्राचा कागद फाडून त्याने माझ्यासाठी खिडकी उघडली आणि हाताने एक दरवाजा घासत बसला, उगाचच, कारण आता त्याच्यावर मारायला काही नव्हतं.

उद्या जेवणाचा डबा दोघांचा न्यायचा आहे. आणि एक उशी. ड्रमची कड फार रुतते.